वांग्याच्या ट्रेमधल्या दोन पट्ट्या

माझे वडील बसचे तिकीट तपासनीस होते. रस्त्यात मध्येच गाडी थांबवायची, आत चढायचं आणि प्रत्येक प्रवासी फुकट्याच असणार अशा नजरेने बघायचं, हे त्यांचं काम. ड्यूटी संपली की टोपी खुंटीला लागायची, नजर नाही. दूधवाला, वाणी, आमची प्रगतिपुस्तकं, सगळं ते एकदा उलटंसुलटं करून बघत. त्यांच्याकडून मला शेत मिळालं नाही की घर मिळालं नाही, ही नजर मात्र पुरेपूर मिळाली. दिल्लीत शिकायला आले तेव्हा मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत मी दुधाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारून बाहेर पडायची. खोलीत मी एकटीच राहत होते, पण दुसरी किल्ली घरमालकिणीकडे होती.

शेतीच्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी. करत होते आणि विषयही माझ्या स्वभावाला साजेसा मिळाला होता. पिकांवरचे कोळी. जाळं विणून माशा धरणारे ते हे नव्हेत. हे टाचणीच्या टोकाहून लहान, आठ पायांचे जीव. पानाच्या मागच्या बाजूला बसून रस शोषतात. पानावर आधी पांढुरके ठिपके पडतात, मग ते तांबूस होऊन वाळतं. वांगं, भेंडी, घेवडा, गुलाब, काहीही त्यांना चालतं. सूक्ष्मदर्शकाखाली वांग्यावरचा कोळी आणि गुलाबावरचा कोळी शेजारी ठेवला तर भाऊ भाऊ वाटावेत. पण ते खरंच एका घरचे आहेत का, की प्रत्येक पिकाचं घराणं वेगळं आहे, हे मला शोधायचं होतं. एकाच घरचे असतील तर गुलाबावर औषध मारून उपयोग नाही, शेजारच्या वांग्यातून ते पुन्हा येणारच. सारखे दिसणारे एका घरचे असतीलच असं नाही, हे मी लहानपणापासूनच धरून चालले होते. त्यामुळे कामाला उत्साह होता.

पद्धत अशी की कोळी चिरडून त्यांचा डीएनए काढायचा, यंत्रात त्याच्या असंख्य नकला करून घ्यायच्या आणि जेलीच्या पातळ वडीतून त्या विजेच्या प्रवाहाने पळवायच्या. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात, आणि खास दिव्याखाली त्यांच्या नारिंगी पट्ट्या दिसतात. कोणाच्या पट्ट्या कोणाशी जुळतात त्यावरून नातं ठरवायचं. वांग्याचे आणि भेंडीचे कोळी मी यमुनेच्या काठच्या भाजीच्या पट्ट्यांतून आणले. गुलाबाचे आणले गुडगावच्या पलीकडून. तिथे तेव्हा एका बाजूला काचेच्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते आणि दुसऱ्या बाजूला, प्लास्टिकच्या मोठाल्या घरांत, परदेशी पाठवायचे गुलाब वाढत होते. तिथल्या मॅनेजरने मला दहा पानं दिली आणि ही पानं कुठे कुठे जाणार हे निदान वीस वेळा विचारलं. मला तो माणूस आवडला.

कोळी जिवंत ठेवायला एक वेगळी खोली होती. तिला आम्ही ट्रेची खोली म्हणायचो. प्रत्येक पिकाच्या कोळ्यांचा एक ट्रे. ट्रेमध्ये पाण्याने भिजलेला स्पंज, स्पंजवर पान उलटं ठेवलेलं, पानाच्या कडेला ओला कापूस. कोळ्याला पाणी ओलांडता येत नाही, म्हणून तो आपल्या पानावरच राहतो. पण स्पंज वाळला की संपलं. मंडळी चालत शेजारच्या ट्रेमध्ये जातात आणि महिन्यांचं काम मातीत. म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, रविवार असो की होळी असो, पाणी घालावंच लागे. दारावर मी स्वतः नियम चिकटवले होते. हात धुवा. खोलीतलाच कोट घाला. केस फडक्याने बांधा. बाहेरचं पान, फूल, फळ आत आणू नका. आत जाणाऱ्याने वहीत वेळ घालून सही करा. ही वहीची कल्पना वडिलांची मुलगी शोभेल अशी होती आणि तिचा मला अभिमान होता.

हे पाणी घालायचं काम काकांकडे होतं. काका म्हणजे आमच्या विभागातले मदतनीस, पन्नाशीला आलेले, कित्येक वर्षं रोजंदारीवर. त्यांचे वडील नोकरीसाठी दिल्लीला आले ते इथलेच झाले. काका पहाडगंजच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले होते. माझं आडनाव कळल्यावर पहिल्याच दिवशी हात पुसत आले आणि म्हणाले, "अच्छा, म्हणजे आपली मानसं! ताई, काही लागलं तर बिल्कुल सांगायचं, यार शरमायचं नाही." त्यांच्या मराठीत निम्मी दिल्ली मिसळलेली होती. स्पंज ओला केला असं ते कधी म्हणाले नाहीत, "स्पंज गीलं केलंय, ताई." चारचौघांत ते मला मॅडम म्हणत आणि कोणी नसलं की ताई. मला ते सुखावणारं होतं. आणि ते सुखावतं म्हणूनच, हा माणूस इतका गोड का बोलतो, हाही प्रश्न मनात होताच.

कारणही समोर होतं. त्या वर्षी संस्थेत एक यादी निघायची होती. वर्षानुवर्षं रोजंदारीवर असलेल्यांतल्या काहींना कायम करणार होते. सगळे म्हणत होते की ही शेवटचीच. पुढे माणसं ठेकेदार पुरवणार, बाहेरच्या नव्या ऑफिसांत पुरवतात तशी. काकांचं नाव यादीत वरती होतं. फाइल स्वच्छ हवी आणि विभागाचा शेरा चांगला हवा, एवढंच बाकी होतं. कायम झालं की संस्थेच्या दवाखान्याचं कार्ड मिळतं आणि त्यावर बायकोचंही औषध मिळतं. काकूंना दमा होता. काका हे एकदाच बोलले होते, ट्रेवर वाकून, माझ्याकडे न बघता. "कार्ड मिळालं की तिची परेशानी संपली, ताई."

चैत्रात एका रविवारी काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. गाझियाबादमध्ये, नव्याने उठलेल्या एका वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. समोर, मागे, बाजूला बांधकाम चालू होतं आणि गॅलरीतल्या कुंड्यांवर सिमेंटची धूळ बसलेली होती. त्या धुळीतही काकूंचे गावठी गुलाब फुलले होते. परिसरात मराठी बायका मोजून पाच-सहा. मग लग्न झालेली, न झालेली असा भेद कोण करतो? मलाही पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, भिजवलेले हरभरे दिले. आंब्याची डाळ आणि पन्हं दिल्लीच्या त्या घरात इतकं आपल्याकडचं लागलं की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. तरी खाताना मनात येत होतंच की विभागाचा शेरा लिहिणाऱ्या माझ्या मार्गदर्शक सरांकडे मी चांगला शब्द टाकावा म्हणून तर हे नाही ना. निघताना काकूंनी गॅलरीतला एक गुलाब देठापानासकट खुडला आणि स्वतःच्या हाताने माझ्या वेणीत खोचला. "किती शोभतंय बघ," असं म्हणून मला आरशासमोर उभंही केलं.

काका त्या दिवशी घरी कार्य म्हणून रजेवर होते. त्यामुळे सकाळचं पाणी मी घालून आले होते, दुपारचंही मलाच घालायचं होतं. दोन बस बदलून मी थेट संस्थेत गेले. उशीर झाला होता, ऊन मी म्हणत होतं, वीज गेलेली. धावतपळत ट्रेची खोली उघडली, पाणी घातलं, वहीत सही केली आणि घरी गेले. त्या दिवसाबद्दल मला पुढे कित्येक महिने एवढंच आठवत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी काका एका सकाळी हातात काडेपेटी घेऊन आले. खोलीच्या दारातच थांबले. म्हणाले, "ताई, आमच्या गुलाबाला पण हेच झालंय वाटतं. एक पान आणलंय बघायला. आत नाही आणलं हां, बाहेरच उभा आहे." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंगाने पाहिलं. कोळीच होते. पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा मारायला सांगितलं. त्यांनी काडेपेटी बंद करून बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात जाळली आणि साबणाने हात धुतले. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मे महिन्यात पट्ट्या काढल्या. भेंडी आणि वांगं एका घरचे निघाले, प्लास्टिकच्या घरातला गुलाब दूरचा निघाला. सगळं मला हवं तसं होतं. पण वांग्याच्या रांगेत दोन पट्ट्या जास्त होत्या. महिन्यापूर्वीच्या फोटोत त्या नव्हत्या. मी पुन्हा केलं. पुन्हा त्याच. तिसऱ्यांदा केलं तरी पट्ट्या जागच्या हलल्या नव्हत्या. वांग्याच्या ट्रेमध्ये कोणीतरी परकं शिरलं होतं. वर्षभराचं काम होतं ते. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

सरांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "किसी ने तो मिलाया है। पता करो किसने।" मला कोणी हे सांगायची गरज नव्हती, पण सरांच्या तोंडून आल्यावर तो हुकूमच झाला. पुढचे पंधरा दिवस मी संशोधन केलंच नाही. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या माशीवर काम करणारी एक मुलगी होती, तिचा दिवसेंदिवस संशय घेतला, कारण तिचं काम माझ्यापुढे गेलं होतं. सरांचाही घेतला. ट्रेच्या खोलीच्या कडीला मी डोक्यातला केस डिंकाने चिकटवून ठेवायचे आणि सकाळी तो तुटलाय का ते बघायचे. तो रोजच तुटलेला असायचा, कारण काका माझ्याआधी येऊन पाणी घालत होते. माझ्या तपासाची अक्कल एवढी होती.

मग एक गोष्ट ध्यानात आली. त्या दोन पट्ट्या माझ्या कुठल्याच ट्रेमध्ये नव्हत्या. भेंडीत नव्हत्या, माझ्या गुलाबात नव्हत्या. म्हणजे खोलीतल्या खोलीत मिसळ झालेली नव्हती, कोळी बाहेरून आले होते. आणि बाहेरून कोळी घेऊन आलेला एक माणूस मला माहीत होता. काडेपेटी मला आठवली. दारात थांबलेले पाय मी मनात येऊ दिले नाहीत.

त्या दिवसापासून मी काकांशी हिंदीत बोलायला लागले. "पानी डाल दिया?" "जी, डाल दिया." त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, मग तेही हिंदीतच बोलू लागले. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुरावा हवा होता. एका रविवारी मी काही न कळवता गाझियाबादला गेले. काका बाजारात गेले होते, तेच मला हवं होतं. काकूंना सांगितलं की तुमच्या गुलाबाचं दुखणं बघायला आलेय. त्या इतक्या खूश झाल्या की कात्री घेऊन माझ्याबरोबर गॅलरीत आल्या आणि खराब पानं निवडून निवडून मला दिली. "अगं, घे ना अजून. तुझ्या अभ्यासाला उपयोग झाला तर आमच्या झाडाचं पुण्य." मी पिशवी भरून घेतली, वर चहा प्यायले. मनात म्हणत होते की ह्यांना काही माहीत नसणार, बिचाऱ्यांना.

काकूंच्या गुलाबावरच्या कोळ्यांमध्ये त्या दोन्ही पट्ट्या निघाल्या. अगदी तिथेच, तेवढ्याच ठळक. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. गुन्हेगार सापडला याचा जितका झाला त्याहून जास्त, माझी नजर बरोबर निघाली याचा झाला. वडिलांना पत्र लिहावंसं वाटलं.

त्याऐवजी मी तक्रार लिहिली. ट्रेच्या खोलीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरच्या झाडावर हीच कीड आहे, तसा शास्त्रीय पुरावा सोबत जोडला आहे. सदर कर्मचाऱ्याने अमुक सुमारास कीडग्रस्त पान संस्थेत आणलं होतं, ते मी स्वतः पाहिलं. त्यामुळे मोठं नुकसान झालं आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं. ते दारातच थांबले होते, पान त्यांनी बाहेर जाळलं होतं, हात धुतले होते, हे मी लिहिलं नाही. विसरले नव्हते. लिहिलं तर तक्रार ढिली पडेल असं वाटलं. सरांनी खाली सही केली आणि कागद कार्यालयात गेला.

यादी निघाली त्यात काकांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. आसपास कोणी नव्हतं. खिशातून किल्ली काढून ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, चाबी." मी "ठीक है" म्हटलं. ते गेल्यावर मी किल्ली उचलून तीच आहे ना, हे कुलपाला लावून पाहिलं.

वांग्याचे कोळी मी पुन्हा यमुनेवरून आणले, नव्याने वाढवले, काम सुरळीत चाललं. पावसाळा गेला, दिवाळी आली. सुट्टीत घरी न जाता मी प्रबंधाचं लिखाण करत बसले होते. कामाची पद्धत लिहिण्याच्या प्रकरणात, आधीचे कोळी का टाकून द्यावे लागले हे तारीखवार मांडायचं होतं. म्हणून वही काढली. मी त्या वहीत रोजचं निरीक्षणही लिहायची. एका गुरुवारी माझ्याच अक्षरात होतं की वांग्याच्या ट्रेमध्ये टेबलाच्या कडेकडच्या पानावर वेगळे ठिपके, इतरत्र नाहीत. म्हणजे उपद्रव एका कोपऱ्यातून सुरू झाला होता. त्या उष्णतेत अंड्यापासून पुरता कोळी व्हायला लागणारे दिवस मी मागे मोजले. काडेपेटीचा दिवस त्या गुरुवारच्याही नंतरचा होता. मोजत मोजत मी हळदीकुंकवाच्या रविवारवर आले. वहीत त्या रविवारी सकाळ-दुपार दोन्ही सह्या एकाच माणसाच्या होत्या. माझ्या.

मग सगळं आठवलं, इतकं लख्ख की आपण ते विसरलो कसे होतो तेच कळेना. वाकले तेव्हा वेणीतलं फूल घसरून ट्रेवर लोंबत होतं. फडकं बांधायचं तर फूल चुरगळलं असतं म्हणून मी ते बांधलं नव्हतं. दोन मिनिटांचं तर काम. फूल काढून मी टेबलाच्या कडेला ठेवलं, वांग्याच्या ट्रेला लागून, जाताना घेऊ म्हणून. आणि घेतलं नाही. फुलाला पानं होती. पान सुकायला लागलं की कोळी ते सोडून चालू लागतात. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची.

पट्ट्या खोटं बोलल्या नव्हत्या. कोळी काकांच्याच घरचे होते. ते आले कोणाच्या वेणीतून, हे सांगणं पट्ट्यांचं काम नव्हतं. ते काम माझं होतं आणि मी ते इतके महिने इतरांच्या खिशात शोधत बसले होते. 

दुसऱ्या दिवशी मी दुसरं पत्र लिहिलं, सगळं कबूल केलं आणि ते घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि जरा सहानुभूतीनेच म्हणाला, "मैडम, शिकायत वापस लेने का कोई तरीका नहीं है। और लिस्ट तो बंद हो गई।" पत्र त्याने ठेवून घेतलं. सरांकडे गेले तर ते म्हणाले की प्रबंधावर लक्ष दे. त्यांच्या बोलण्यात आश्चर्य अजिबात नव्हतं. तेव्हा मला ते खटकलं, पण कारण लागलं नाही.

काकांना ठेकेदाराने नोएडातल्या एका नव्या सोसायटीत माळी म्हणून लावलं होतं, असं शिपायाने सांगितलं. मी शोधत गेले. फाटकावरच्या रखवालदाराने माझं नाव, पत्ता, कोणाला भेटायचं, का भेटायचं, सगळं लिहून घेतलं. आत वीस वीस मजल्यांच्या इमारती आणि मध्ये हिरवळ. काका हिरवळीच्या कडेला गुडघ्यावर बसून गवत काढत होते. अंगावर ठेकेदाराचा निळा शर्ट. मला बघून उठले, हात पुसले. शेजारी बाक होता, पण तो रहिवाशांसाठी होता, म्हणून आम्ही उभ्यानेच बोललो.

मी सगळं सांगितलं. तक्रार माझी होती हे सांगितलं, फुलाचं सांगितलं, पानाचं जे मुद्दाम लिहिलं नाही तेही सांगितलं. सांगताना मी रडत होते. ते खुरप्यावरची माती अंगठ्याने काढत ऐकत राहिले.

"तक्रारीचं माहीत होतं," ते म्हणाले. "साहेबांनी वाचून दाखवली होती."

"आणि फुलाचं?"

"फूल तर मीच उचललं ना. सोमवारी सकाळी. टेबलावर सुकून पडलं होतं. कुंकू लागलेलं होतं पाकळीला, म्हणजे आपल्याच घरचं. मी फेकलं, स्पिरिटने टेबल पुसलं. वाटलं, झालं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला बुरा वाटेल."

"मग सरांनी तक्रार वाचली तेव्हा सांगायचं होतं, काका!"

"सांगितलं ना. साहेब म्हणाले, अब उस लडकी पर डाल रहे हो?" त्यांनी खुरपं बादलीत टाकलं. "मग काय बोलणार."

मी म्हटलं, मी आत्ता तुमच्याबरोबर घरी येते आणि काकूंच्या पायावर डोकं ठेवून माफी मागते. तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"नाही. घरी या, जरूर या. ती रोज विचारते तुमचं. पण हे तिथे बोलायचं नाही, बिल्कुल नाही. ताई, फूल तिनं दिलं होतं. तिच्या हातानं खोचलं होतं. तिला कळलं की त्या फुलानं माझी नोकरी गेली, तर ती... तुम्हाला तिचं माहीत नाही. ती आयुष्यभर स्वतःला लावून घेईल."

त्यांची पाळी संपल्यावर आम्ही बसने गाझियाबादला गेलो.  घरात शिरलो तर काकू खाटेवर बसून धापा टाकत होत्या. थंडी सुरू झाली होती, हवेत धूर होता. सरकारी इस्पितळात सकाळपासून रांगेत उभ्या राहून नुकत्याच आल्या होत्या. तरी मला बघून उठल्या, ओट्याशी गेल्या, नको नको म्हणताना चहा टाकला, दिवाळीचा उरलेला चिवडा बशीत काढला. मी हातातून पातेलं घ्यायला गेले तर मला ढकलून खुर्चीत बसवलं.

चहा झाल्यावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. दम खाऊन म्हणाल्या, "अगं, एक विचारू? हे काही सांगत नाहीत. यादीत नाव होतं, सगळे म्हणत होते. मग कोणीतरी काहीतरी लिहिलं म्हणे साहेबांकडे. तू तर तिथेच असतेस. कुणी लिहिलं गं ते?"

काका कपात बघत होते. मी हातातली बशी मांडीवर ठेवली.

"नाही हो काकू," मी म्हटलं, "मला काही कळलं नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी जन्मभर लोकांच्या तोंडाकडे ज्या नजरेने पाहत आले, तिचा त्यांच्या डोळ्यांत मागमूस नव्हता. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तेच म्हटलं मी यांना," त्या म्हणाल्या. "तिला कळलं असतं तर तिने येऊन सांगितलंच असतं. ती काय परकी आहे?"